तीन-तीन कुंड्यांचा हिशेब

नमुना लहान असेल तर डोळे झाकून मान-व्हिटनी (दोन गटांची तुलना आकड्यांच्या लहान-मोठ्या क्रमांकांवरून करणारी चाचणी) लावा, हा सल्ला मला अर्धाच पटतो. आकडे सामान्य वितरणात, म्हणजे घंटेच्या आकारात, विखुरलेले असावेत ही अट सुटते हे खरं. पण दोन्ही गटांत तीन-तीनच निरीक्षणं असतील तर सहा क्रमांकांची वाटणी फक्त २० प्रकारे होते. म्हणून दोन्ही बाजूंच्या (फरक कोणत्याही दिशेचा धरणाऱ्या) अचूक चाचणीत पी-मूल्य (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) २/२०, म्हणजे ०.१ च्या खाली जाऊच शकत नाही! चार-चार घेतली की तेच २/७०, सुमारे ०.०२९ पर्यंत, म्हणजे ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या खाली उतरतं.

माझ्या भाचीच्या प्रकल्पात हेच झालं. गांडूळखत घातलेल्या तिन्ही कुंड्यांतली मेथी साध्या मातीतल्या तिन्हींपेक्षा उंच, पट्टी लावून मोजलेली, तरी पी ०.१. तिने वहीत ‘खताचा परिणाम नाही’ असं लिहून टाकलं होतं. ते मी खोडायला लावलं. आता दोन्हीकडे कुंड्या वाढवून ती पुन्हा पेरणार आहे.