मदत हवी आहे : आजीच्या ताइतातील भूर्जपत्र कसे उलगडावे?

नमस्कार. सोलापूरच्या आमच्या घरी आजीचा नळीच्या आकाराचा चांदीचा ताईत आहे. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला जातानाही तो तिच्या दंडावर काळ्या दोऱ्यात बांधलेला असे. गेल्या आठवड्यात त्याच्या एका टोकाची लाख निखळली आणि आत घट्ट गुंडाळलेले भूर्जपत्र दिसले, ज्याच्या सुटलेल्या कडेवर तांबूस शाईत ८, १, ६ हे आकडे ओळीने लिहिले आहेत. नऊ घरांच्या आणि उभी, आडवी, तिरपी कशीही बेरीज केली तरी १५ येणाऱ्या पंधरिया यंत्राची एक ओळ अशीच असते, म्हणून हे तेच असावे असे मला वाटते.

हिमालयातील भूर्ज वृक्षाची ही साल वाळून इतकी ठिसूळ झाली आहे की बोट लागताच तिचा पापुद्रा सुटतो. एका कारागिराने नळी तापवून उरलेली लाख काढण्याची तयारी दाखवली, पण त्या आचेने आतले लेखन करपेल या भीतीने मी ताईत परत आणला.

साल न मोडता उलगडण्यासाठी तिला ओलावा द्यावा का, आणि दिल्यास शाई फुटणार नाही ना? सोलापुरात किंवा पुण्यात जुन्या पोथ्यांचे जतन करणारे कोणी जाणकार परिचयाचे असल्यास कृपया कळवावे.