‘मस्त’च्या पुढे काहीतरी

काहीजण म्हणतात की नेटवर गाणं टाकणाऱ्या नवख्या संगीतकाराला ‘छान झालंय’ एवढंच म्हणावं, उगाच हिरमोड नको. मला नाही पटत. माझ्या पहिल्या गाण्याखाली बावीस ‘मस्त’ जमले होते, पण गाणाऱ्याचा आवाज ढोलकीखाली गाडला गेलाय हे एकानेही सांगितलं नाही!

सांगताना मिनिट-सेकंद द्या. ‘मिक्स (म्हणजे आवाज आणि वाद्यांचा एकत्र मेळ) गढूळ वाटतंय’ एवढ्यावर बिचारा काय करणार? ‘१:१२ ला गिटार आली की शब्द बुडतात, तिचा २०० ते ४०० हर्ट्झचा, म्हणजे खालच्या सुरांचा भाग थोडा उतरवून बघ’ म्हटलं की लगेच करून बघता येतं. ऐकायचं हेडफोनवर. फोनच्या स्पीकरवर बास गायब होतोच, तो दोष गाण्याचा नव्हे. आणि ‘आवाज मोठा कर’ हा सल्ला तर नकोच. स्पॉटिफाय गाणी आपोआप उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतं. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे चपटंच वाटतं.

मराठी गाण्यात मी आणखी एक बघतो, चालीमुळे ऱ्हस्व अक्षर ताणलं जातंय का. ‘दिन’चा ‘दीन’ झाला की अर्थच फिरतो. हे मात्र डेमोवरच, म्हणजे कच्च्या रेकॉर्डिंगवरच सांगा, मास्टरिंग (गाण्यावरचा शेवटचा हात) झाल्यावर सांगून काय उपयोग?