खमकी, खाष्ट की करारी? आजी-आजोबांसाठी शब्द हवेत

प्रश्न

पुढच्या महिन्यात आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे. घरच्यांनी मिळून एक छोटी पुस्तिका काढायची ठरवलीय, त्यातली आजी-आजोबांवरची दोन पानं माझ्या गळ्यात पडलीत. मी लिहिलं ते असं : ‘आजी अतिशय प्रेमळ, कष्टाळू व धार्मिक आहे. आजोबा शिस्तप्रिय आणि मनमिळाऊ होते.’ वाचून बघितलं तर चौथीच्या निबंधाला शोकसभेचं भाषण चिकटवल्यासारखं वाटतंय. बरे शब्द सुचवा. शिवाय दोन शंका आहेत. ‘काटक’ आणि ‘काटकुळी’ एकच का? आणि एका ठिकाणी मी ‘ही म्हातारी’ लिहिलं होतं, ते आईने खोडलं. म्हणे अपमान होतो. होतो का खरंच?

उत्तर

सोपं आधी. काटकुळी म्हणजे नुसती हाडं दिसणारी. काटक बाईच्याही अंगावर मांस नसेल, पण ती भरलेली कळशी कमरेवर घेऊन विहिरीची चढण चढते. ‘शिडशिडीत’मध्ये थोडं कौतुक असतं, ‘किडकिडीत’मध्ये नसतं. ‘ठणठणीत’ कुणालाही म्हणता येतं. ‘टुणटुणीत’ म्हटलं की ‘या वयातही’ हे वेगळं लिहावं लागत नाही.

आता ‘प्रेमळ’. तो शब्द वाईट नाही, पण सगळ्यांच्याच आज्या प्रेमळ असतात, त्यामुळे तुमची कोणती ते कळत नाही. माणसांसाठीच्या विशेषणांची गंमत अशी, की ती ज्याला लावली त्याच्याइतकीच लावणाऱ्याचीही माहिती देतात. ‘खाष्ट’ हा सुनेचा शब्द आहे. नातवंडाच्या तोंडी तो आला तर समजावं, घरात कानावर पडून आलाय. ‘खमकी’ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा, भाऊबंदांचा शब्द, आणि त्याला समोर कुणीतरी लागतं : बांध कोरणारा चुलतभाऊ, उधारी बुडवणारा गिऱ्हाईक. एकटीच देवघरात बसलेली बाई खमकी कशी दिसणार? ‘करारी’ला समोर कुणी नसलं तरी चालतं, मुद्रा करारी असते, नजर करारी असते. करार म्हणजे ठरलेली, पक्की गोष्ट, तोच पक्केपणा इथे आहे. तेव्हा एकच आजी सुनेला खाष्ट, गावाला खमकी आणि फोटोत करारी असू शकते. पैशांचंही तसंच. मुलगा ‘काटकसरी’ म्हणेल, जावई ‘चिक्कू’ म्हणेल. तुम्ही नात म्हणून लिहिताय ना? मग नातीच्या तोंडचे शब्द शोधा.

आणखी एक उत्तर

‘म्हातारी’बद्दल. हा शब्द संस्कृत ‘महत्तर’वरून आलाय, म्हणजे मुळात ‘अधिक मोठा, थोर’. त्याहून नशीब फिरलं ते ‘थेरडा’चं. आज ती सरळ शिवी आहे, पण तिच्या मुळाशी आहे ‘स्थविर’, पालीतला ‘थेर’. थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू. ‘थेरवाद’ या बौद्ध पंथाचं नाव त्यातलंच. पूज्य भिक्खूपासून ‘मेला थेरडा’पर्यंत! ‘वृद्ध’ही हळूहळू नकोसा झाला म्हणून आपण ‘ज्येष्ठ’ आणला. पण पाणिनीच्या व्याकरणात ज्येष्ठ हे वृद्धचंच पुढचं रूप आहे, सर्वांत वृद्ध. एसटीत ७५ वर्षं पूर्ण केलेल्यांना २०२२पासून फुकट प्रवास आहे, त्या योजनेत ते ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ झालेत.

‘म्हातारी’ मात्र अर्ध्यावरच थांबली. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येते ती म्हातारीच, मलबार हिलच्या बागेतला बूटही म्हातारीचाच, जत्रेतले गुलाबी केसही तिचेच. त्यात कुठे अपमान आहे? परक्याने तोंडावर म्हटलं तर लागतं. घरच्याने ‘आमची म्हातारी’ म्हटलं तर लागत नाही. पुस्तिका पाहुण्यांच्या हातात जाणार, म्हणून आईने खोडलं असेल. मी आईच्या बाजूने.

दुसरीकडून

आमच्या वऱ्हाडात बुढा-बुढी म्हणतात, आणि ‘माही बुढी’ म्हणणारा आईवर जीव टाकणारा असू शकतो. आजोबांना आबाजी. पुस्तिकेत घरचाच शब्द ठेवा, ‘पितामह’ वगैरे करू नका.

एक सावधगिरी : ‘थकणे’ जपून वापरा. तरुण माणूस दमतो. म्हातारं माणूस थकतं, आणि ते विश्रांतीने भरून येत नाही. ‘आजी फार थकली’ असं छापलंत तर लांबचे नातेवाईक घाबरून फोन करतील.

विचारणारी

आभार. ‘म्हातारी’चं आजीलाच विचारलं. ती म्हणाली, ‘तोंडाचं बोळकं झालं, आता काय पोरगी म्हणतेस?’ आई तरी खोडणारच आहे. ‘खमकी’ राहिला, पाणीपट्टीवरून ती ग्रामपंचायतीत जाऊन बसली होती त्या प्रसंगापाशी.

आजोबांचं अडलंय. ते फार कमी बोलायचे. ‘अबोल’ लिहिलं तर रुसल्यासारखं वाटतं, ‘मितभाषी’ म्हणजे सत्काराचं मानपत्र. ‘घुमे’ म्हणू का?

उत्तर

घुमा नको! घुमा मनात काहीतरी धरून बसलेला असतो. ‘मुखदुर्बळ’ही नको, त्याला बोलायचं असतं पण धीर होत नाही. न बोलता ते करायचे काय?

विचारणारी

ओटीवर बसून सुपारी कातरायचे. भांडण ऐन रंगात आलं की अडकित्ता थांबायचा.

उत्तर

मग विशेषण कशाला शोधताय? अडकित्ता लिहा.