सिगार 'ओढ, पण ओढू नकोस' हे मराठीत कसं म्हणायचं?

पाटीपुस्तक: एका कथेचा अनुवाद करते आहे. एक तरुण आयुष्यातला पहिला सिगार शिलगावतो. शेजारचा जाणता माणूस त्याला बजावतो की धूर तोंडातच खेळवायचा, छातीत घ्यायचा नाही. मूळ भाषेत या दोन क्रियांना दोन निरनिराळी क्रियापदं आहेत. माझ्याकडे एकच, 'ओढणे'. त्यामुळे "ओढ, पण ओढू नकोस" असं वाक्य होऊन बसलंय. 'शोषणे' पुस्तकी वाटतं, 'चोखणे' लिहिलं की गोळी डोळ्यांसमोर येते. काय करू?

उकारवेलांटी: "झुरका घे, पण धूर गिळू नकोस." आमच्या घरातले विडीवाले असंच बोलत.

जुनाखडू: ताई, हा घोळ नुसता अनुवादातला नाही, माझ्या बाबतीत तो घडलाय. तेविसाव्या वर्षी मित्राच्या थोरल्या भावाने सिगार हातात दिला. बंद टोक त्यानेच कापलं, दुसरं टोक ज्योतीच्या जरा वर धरून गोल फिरवत चहूकडून लाल केलं आणि म्हणाला, "हं, ओढ." मी तोवर सिगारेट ओढणारेच पाहिलेले. ओढ म्हटल्यावर ओढला, थेट छातीत. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ठसका लागला, पण तो लगेच ओसरला. पुढे विझेल या भीतीने मी झुरक्यामागून झुरके घेत राहिलो. मिनिटाला एक पुरतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! वीसेक मिनिटांनी तोंडात पाणी जमायला लागलं, कानामागे गार घाम आला आणि समोरची भिंत हळूहळू डावीकडे सरकू लागली. दादाने माझ्या हातातून सिगार काढून घेतला आणि एवढंच म्हणाला, "लागला तुला."

तेव्हापासून मनात आहे, हे 'लागणे' कुठलं? सुपारी लागते तेच ना? दारू मात्र चढते, लागत नाही.

वेलबुट्टी: तेच. सुपारी लागते, तंबाखू लागते, आणि सापाचं नाव घ्यायचं नसलं की 'पान लागलं' म्हणतात. बाहेरचं काहीतरी अंगाला बाधतं, तिथे मराठी 'लागणे' वापरते. चढण्यात थोडी मजा तरी असते.

पाटीपुस्तक, तुमच्या जाणत्या माणसाचं म्हणणं पूर्ण खरं नाही, हेही लक्षात असू द्या. सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी असतो, त्यातलं निकोटिन तोंडात फारसं शोषलं जात नाही, म्हणून ती छातीत घेतात. सिगारची पानं आंबवलेली असतात, धूर आम्लारिधर्मी होतो आणि निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तेव्हा धूर न गिळताही सिगार लागतो, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही टळत नाही.

शुद्धाक्षर: क्रियापदाचा वाद कशाला? संस्कृतात 'पान' आहेच. फक्त तो शब्द 'धूमपान' असा हवा. धूम म्हणजे धूर. धूम्र हे विशेषण, धुराच्या रंगाचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात विधीच दिलाय: औषधांचा कल्क बोरूसारख्या काडीवर लिंपून वाळवायचा, काडी काढून घ्यायची, उरलेली पोकळ वर्ती तूप लावून पेटवायची. धूर नाकाने घेतला तरी सोडायचा तोंडानेच, नाकाने सोडला तर डोळ्यांना अपाय. इतका बारकावा आपल्याकडे असताना शब्द नाही म्हणून रडायचं? "धूर मुखात धारण कर" लिहा.

उकारवेलांटी: हातात पेटता सिगार असलेला माणूस "मुखात धारण कर" म्हणेल? आणि 'धूम्रपान' पाट्यांवर, कायद्यात, सगळ्यांच्या तोंडी आहे. तो शब्द आता मराठी आहे. पान म्हणाल तर आमचे आजोबा "विडी पितो" म्हणायचेच, त्यासाठी चरकापर्यंत जायची गरज नव्हती.

शुद्धाक्षर: सगळे चुकतात म्हणून चूक बरोबर होत नाही.

सातवा_सूर: शुद्धाक्षरांनी धूम काढला म्हणून सांगतो, लॅटिन 'फूमुस' आणि आपला 'धूम' सख्खे भाऊ आहेत. स्पॅनिशमध्ये ओढणे म्हणजे 'फुमार', ते त्यातूनच आलं. सिगारबद्दल मात्र माझी समजूत अशी की स्पॅनिश 'सिगार्रा' म्हणजे सिकाडा किडा, तसाच जाड नि निमुळता, म्हणून सिगार.

वेलबुट्टी: ती साम्यावरून जुळवलेली गोष्ट वाटते. मूळ माया भाषेतल्या 'सिकार'कडे नेतात, ते अधिक पटतं.

कोरापान: सरळ 'चिरूट' लिहा की! घरातला शब्द आहे.

जुनाखडू: चिरूट वेगळा. तमिळ 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळी, त्यावरून आला. त्याची दोन्ही टोकं उघडी, कापायला काही नसतंच. ताईंच्या कथेत टोक कापत असतील तर चिरूट चालायचा नाही.

पाटीपुस्तक: कापतात, सविस्तर कापतात. 'लागला' हा शब्द मी घेतेय, जुनाखडू, तो नेमका बसला. पहिल्या वाक्याचं सध्या असं केलंय: "तोंडभर घे, छातीभर नको."

शुद्धाक्षर: छातीभर पाणी म्हणजे छातीपर्यंत पाणी. अर्थ बदलतो.

उकारवेलांटी: छातीभर श्वास घेतोच की आपण.

शुद्धाक्षर: 'ऊरभर' म्हणतो, 'छातीभर' नाही.

कोरापान: वाक्य कसंही ठेवा, पण 'पहिला सिगार' खटकतोय. आम्ही कायम 'पहिली सिगार' म्हणत आलो. विडी ती, सिगारेट ती, चिलीम ती, मग सिगार तो कसा?

जुनाखडू: चिरूट तो, हुक्का तो. मला लागला तो सिगारच होता.