वीज बेभरवशाची असलेल्या शाळेला वाचनयंत्रांची देणगी: माझा विरोध का आहे

सातपुड्याचा वाटसरू

धडगाव तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेला वीस ई-वाचनयंत्रे भेट द्यावीत, असा प्रस्ताव आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटापुढे आला आहे. गटात विरोध करणारा मी एकटाच आहे, म्हणून माझे म्हणणे येथे मांडतो. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून नोकरीची शेवटची नऊ वर्षे मी याच भागात काढली. पावसाळ्यात तारांवर एखादे झाड आडवे झाले की वायरमन येईपर्यंत दोन-दोन दिवस लाईट नसते, आणि डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर आठवडा धरून चालावे. बिल थकल्यामुळे वीज तोडलेल्या शाळाही मी पाहिल्या आहेत. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे संयुक्त अनुदान वर्षाला जास्तीत जास्त २५,००० रुपये असते, आणि खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल हे सारे त्यातच भागवायचे असते. घानातील शाळांमध्ये २०१० साली वर्ल्डरीडर या संस्थेने किंडल ही ई-वाचनयंत्रे वाटली, तेव्हा पहिल्याच प्रयोगात सुमारे ४० टक्के यंत्रे नादुरुस्त झाली. एका यंत्राच्या किमतीत मुलांची शंभराहून अधिक चित्रमय पुस्तके येतात, मग हा हट्ट कशासाठी?

ओहमचा नियम

आपला अनुभव मोठा आहे, पण विजेचा मुद्दा आपण टॅबलेट आणि ई-इंक यंत्र, म्हणजे कागदासारखा राखाडी पडदा असलेले वाचनयंत्र, यांची गल्लत करून मांडला आहे. ई-इंकचा पडदा मुख्यतः पान उलटतानाच वीज खातो, आणि वायफाय व पडद्याचा दिवा बंद ठेवला तर एका चार्जिंगवर शाळेतले वाचन दोन आठवडे सहज चालते. साधा हिशेब करू. पंधराशे मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण साडेपाच वॅट-तास मावतात, म्हणजे वीस यंत्रांना मिळून ११० वॅट-तास झाले. पन्नास वॅटची एक सोलर प्लेट चांगल्या उन्हाच्या दिवशी, गळती धरूनही, एवढी वीज देते. वीस टॅबलेट मात्र दररोज याच्या तिप्पट मागतील, तेव्हा त्यांना माझाही विरोधच आहे. घानातील आकडा खरा असला तरी तो विजेमुळे बंद पडलेल्या यंत्रांचा नाही. त्यांचा पडदा काचेवर बसवलेला होता आणि तो पडून फुटत होता.

वर्गशिक्षिका

आपण दोघेही विजेवर भांडत आहात, आणि आमच्या शाळेत यंत्रे बंद पडली ती कपाटात. एका देणगीदाराने दिलेली बारा यंत्रे मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंदवली. नोंद झाली की वस्तूची जबाबदारी आली, आणि बदलीच्या वेळी पदभार सोपवताना बारापैकी अकराच भरली तर बाराव्या यंत्राची वसुली कोणाकडून होणार, हे कोणत्याही गुरुजींना सांगावे लागत नाही. म्हणून ती खोक्यासकट कुलपात गेली. पावसाळ्यानंतर आणि पुन्हा मेच्या सुट्टीनंतर मी ती बाहेर काढली, तेव्हा महिनोन्महिने रिकाम्या पडलेल्या बॅटऱ्यांपैकी पाच पुन्हा उठल्याच नाहीत. विजेअभावी एकही यंत्र मेले नव्हते, कारण वर्गातल्या स्विचबोर्डावर त्या वर्षी बऱ्यापैकी लाईट होती.

सातपुड्याचा वाटसरू

ओहम यांचा हिशेब मला मान्य आहे. विजेचा मुद्दा मी जरा जास्तच ताणला होता. पण बाईंनी सांगितलेले वाचून माझा विरोध वाढलाच आहे. शिवाय त्या यंत्रावर मुले वाचणार काय? बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफमध्ये फुकट मिळतात खरी, पण ते मोठे पान सहा इंची पडद्यावर आणले की अक्षर मुंगीएवढे होते, मोठे केले तर ओळ अर्धी बाहेर जाते, आणि रंगीत चित्र राखाडी दिसते. पहिली-दुसरीचे मूल, तेही घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारे, आधी चित्र वाचते.

ओहमचा नियम

पहिली-दुसरीला पुस्तकेच द्यावीत, यावर वाद नाही. वरच्या वर्गातल्या मुलासाठी मात्र स्टोरीवीव्हरसारख्या संकेतस्थळावर मुक्त परवान्याच्या, म्हणजे कोणालाही फुकट वापरता येणाऱ्या, मराठी गोष्टी आहेत, आणि त्या ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात घेतल्या तर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. कागदाचे गुणगान करताना सातपुड्यातली ओल आणि वाळवी विसरू नये. ग्रंथपेटी उघडल्यावर पुस्तकांचा भुगा निघालेला आपणही पाहिला असेलच. राहिला प्रश्न रजिस्टरचा. यंत्रांची मालकी गटाकडेच ठेवून ती शाळेला केवळ वापरायला द्यावीत, म्हणजे डेड स्टॉकला नोंद करण्याचे कारणच उरणार नाही.

सातपुड्याचा वाटसरू

ही तोड मला पटते. वीसऐवजी सहा यंत्रे, एक सोलर प्लेट आणि उरलेल्या पैशांची पुस्तके, असा बदल मी गटापुढे ठेवीन. सुट्टीत ती गावातच कोणाच्या तरी घरी राहावीत आणि महिन्यातून एकदा चार्ज व्हावीत, हेही त्यात घालतो.

वर्गशिक्षिका

घाला, पण आणखी एक ओळ घाला. मालकी गटाची असताना एखाद्या मुलाच्या हातून यंत्र फुटले, तर त्याच्या बापाला शाळेत बोलावले जाणार नाही आणि माझ्याकडूनही खुलासा मागितला जाणार नाही, हे गटाने सहीनिशी लिहून द्यावे. ते पत्र हातात आले की कपाटाची किल्ली मी पाचवीच्या मुलींकडे देईन.