मदत हवी आहे : साउंडबोर्ड आणि प्रेक्षकांतली टेप एकत्र कशी जुळवायची?

मंडळी, ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या मे १९७७ मधल्या एकाच रात्रीच्या दोन टेप ऐकतोय. साउंडबोर्डवरची (थेट मिक्सरमधून घेतलेली) स्वच्छ आहे, बँडच्या जेरी गार्सियाच्या गिटारचा सूर न् सूर कळतो, पण हॉल जिवंत वाटत नाही. प्रेक्षकांत माइक लावून केलेल्या टेपमध्ये ड्रम्सचा दणका आणि लोकांचा जल्लोष आहे, गाणं मात्र गढूळ. दोन्ही मिसळून ऐकायचं आहे.

माइक स्टेजपासून ३० मीटरवर असेल तर आवाज साधारण ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो; तेवढं सरकवणं सोपं. खरी अडचण पुढे. दोन्ही टेप रेकॉर्डरचा वेग वेगळा, म्हणून सुरुवातीला जुळलेलं गाणं पाच मिनिटांत दुहेरी ऐकू येतं. सगळी फाइल एकाच प्रमाणात ताणावी, की तुकडे करून? आणि आधी सूर कोणत्या टेपचा दुरुस्त करावा?

(कॉर्नेल विद्यापीठातल्या ८ मे १९७७ च्या कार्यक्रमाच्या कीर्तीत बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांच्या ध्वनिमुद्रणाचा वाटा वादनाइतकाच आहे, हे माझं मत. भांडायला तयार आहे, पण आधी उत्तर द्या!)

हे कोणी केलं असेल तर साउंडबोर्डचं प्रमाण किती ठेवलं, तेही सांगा. माझ्या कानाला निम्मं-निम्मं केलं की गाणं मागे जातं.