बीएमडब्ल्यू एम टू: तीन पेडलची घ्यावी की दोन पेडलची?

घाटमाथा

आपल्याकडे नवी कोरी मिळणाऱ्या गाड्यांत मागच्या चाकांना ताकद, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि हवा असेल तर सहा गिअरचा मॅन्युअल, एवढं सगळं एकत्र मिळणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत. एम टू (जी८७ पिढी) त्यातली एक. २०२४ च्या सुधारणेनंतर दोन्ही प्रकारांत ४८० हॉर्सपॉवर आहेत. ऑटोमॅटिकला ६०० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि मॅन्युअलला ५५०. शून्य ते शंभर कंपनीच्या आकड्यांनुसार ऑटोमॅटिक ४.० सेकंद, मॅन्युअल ४.२.

माझं मत स्पष्ट आहे, मॅन्युअल घ्यावी. ०.२ सेकंदाचा फरक ताम्हिणीत किंवा आंबेनळीत कुठेच वापरता येत नाही. मॅन्युअलच्या दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.३१५ आणि फायनल ड्राइव्हचं (गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यामधल्या शेवटच्या गिअरचं) ३.४६, म्हणजे ७२०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दुसऱ्यातच ताशी ११० च्या वर वेग जातो. घाटात ३० ते १०० हा सगळा पट्टा एका गिअरमध्ये बसतो. आठ गिअरची चढउतार तिथे हवी कशाला? कुठल्या वळणाआधी कुठला गिअर लावायचा आणि इंजिनाचा ब्रेक किती घ्यायचा हे चालवणाऱ्याने ठरवावं. या जातीची गाडी घ्यायचं कारणच ते आहे. ज्यांना ऑटोमॅटिक बरी वाटते त्यांनी कारणासकट लिहावं.

टॉर्कप्रेमी

असहमत, आणि तुमच्याच आकड्यांवरून. दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० ला इंजिन जेमतेम १९०० आरपीएमवर असतं. पूर्ण टॉर्क २७०० च्या आसपास मिळायला लागतो, म्हणजे दुसऱ्यात ताशी ४२ च्या पुढे. आंबेनळीच्या आवळ वळणांवर वेग २५ पर्यंत उतरतो. तिथे दुसऱ्यात १६०० आरपीएम, गाडी मरगळते. पहिला घालावा तर २८०० आणि ४.११ चा गिअर, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लागला की मागची चाकं सुटायला बघतात. मॅन्युअलची ही मधली फट भरून निघत नाही. ऑटोमॅटिकचा दुसरा ३.२, तिसरा २.१४३, फायनल ३.१५. त्याच वळणाला दुसऱ्यात २००० आरपीएम, शिवाय टॉर्कही जास्त. जवळजवळचे गिअर घाटातच कामाला येतात.

दुसरं, टर्बो. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना अ‍ॅक्सिलरेटर सोडावा लागतो, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) बंद होतो, बूस्ट म्हणजे टर्बोचा दाब पडतो आणि क्लच जोडल्यावर परत उभा राहतो. ऑटोमॅटिकमध्ये थ्रॉटल उघडाच राहतो. गिअर बदलतो तेवढ्या क्षणापुरता संगणक टॉर्क कापतो, त्यामुळे टर्बोचा दाब टिकतो. ओव्हरटेक करताना हा फरक ०.२ सेकंदाहून कितीतरी मोठा जाणवतो.

क्लचप्लेट

दोघंही घाट मोकळा आहे असं धरून लिहिताय. शुक्रवारी संध्याकाळी खंडाळ्याच्या चढावर रांग लागते तिचा हिशोब करा.

मॅन्युअलमध्ये पहिला गिअर गुणिले फायनल म्हणजे १४.२. इंजिन ८०० आरपीएमवर, क्लच पूर्ण सोडलेला, तर गाडी ताशी सुमारे ७ किलोमीटरने सरकते. रांग त्याहून हळू असेल तर क्लच घसरवण्याशिवाय इलाज नाही. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली की इंजिनाची सगळी ताकद क्लचची प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चाक) यांच्या मधे उष्णता होऊन बसते. आधी वास येतो, मग अस्तरावर काचेसारखा थर चढतो. त्यानंतर सुटताना गाडी थरथरायला लागते आणि फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात. एवढं झाल्यावर नुसती प्लेट बदलून भागत नाही. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि बहुतेक वेळा ड्युअल मास (दोन भागांचं) फ्लायव्हीलही जातं. गिअरबॉक्स खाली उतरवायचाच असतो, मग या वस्तू एकत्रच बदलाव्यात.

उपाय आहे, पण शिस्त लागते. चढावर ऑटो होल्ड (ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) लावून ठेवा, पुढे दोन गाड्यांइतकी जागा होईपर्यंत हलू नका. हलताना १२०० ते १५०० आरपीएमच्या वर जाऊ नका, क्लच एका दमात पूर्ण सोडा, जागा संपली की पूर्ण दाबून थांबा. अर्ध्यावर लटकवू नका. थांबा लांबला तर न्यूट्रल करून डावा पाय पेडलवरून काढा, नाहीतर रिलीज बेअरिंग फुकट झिजतं. आणि हात गिअरच्या दांड्यावर ठेवून गाडी चालवू नका. तो भार आत शिफ्ट फोर्कवर (गिअर सरकवणाऱ्या दुबेळक्यावर) येतो.

जुनी मॅन्युअल घेताना क्लच असा तपासा. मोकळ्या सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये ताशी ७० धरा, आरपीएमचा काटा १९०० च्या आसपास दिसेल. आता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. ताशी १०० ला काटा २७५० च्या जवळ हवा. वेग तेवढाच आणि काटा सव्वातीन हजारांवर पळाला, तर क्लच घसरतोय.

घाटमाथा

रांगेचा मुद्दा मान्य, पण रांगेसाठी एम टू कोणी घेत नाही. आवळ वळणाचंही उत्तर आहे, तिसऱ्यातून दुसऱ्यात येण्याचं तंत्र. ताशी ६० ला तिसऱ्यात सुमारे २५०० आरपीएम असतात, दुसऱ्यात ३८००. मधले १३०० आरपीएम आपण भरायचे. उजव्या पावलाच्या चवड्याने ब्रेक दाबून दाब स्थिर करायचा, मग क्लच, दांडा दुसऱ्यात, पावलाची उजवी कड अ‍ॅक्सिलरेटरवर टेकवून इंजिन ३८०० पर्यंत उचलायचं आणि क्लच सोडायचा. ब्रेक या सगळ्यात सुटत नाही. नवख्याची चूक अशी होते की अ‍ॅक्सिलरेटरला झटका देताना ब्रेकवरचा दाबही वाढतो आणि गाडी नाक खुपसते. आधी उभ्या गाडीत सराव करावा, मग सरळ रस्त्यावर, वळणावर सगळ्यात शेवटी. हे जमलं की वळणात शिरताना गाडी आधीच खेचायला तयार असते.

ओला_रस्ता

आणि नाही जमलं तर? जुलैमध्ये, डांबरावर लाल माती वाहून आलेली असताना? आरपीएम न जुळवता क्लच सोडला की मागची चाकं क्षणभर इंजिनाच्या वेगाला खेचली जातात, आणि हे फक्त मागच्या चाकांवर होतं. वळणाच्या तोंडाशी मागचा भाग बाहेर जायला तेवढं पुरतं. स्थिरता नियंत्रण आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ते ब्रेक लावून सावरतं, टायरची पकड वाढवू शकत नाही. पावसाळी कोकणात जाऊन येऊन असणाऱ्यांनी ऑटोमॅटिक घ्यावी असं मी ठामपणे सांगेन.

टॉर्कप्रेमी

सहमत. फक्त घाट उतरताना ‘डी’मध्ये सोडून देऊ नका. ताशी ४० ला तो पाचवा धरून बसला तर इंजिन १३०० वर, इंजिनाचा ब्रेक मिळत नाही, सगळा भार ब्रेकच्या चकत्यांवर येतो. स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा. खाली उतरवताना आरपीएम तो स्वतः जुळवतो, आणि इंजिन लाल रेषेपलीकडे जाणार असेल तर गिअर देतच नाही.

सिंक्रो

ओला_रस्ता, एम टूच्या मॅन्युअलमध्येही आरपीएम आपोआप जुळवणारा गिअर शिफ्ट असिस्टंट आहे. पावसात तो चालू ठेवा, कोरड्यात सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आधीच्या एफ८७ पिढीत तो बंद करायला स्थिरता नियंत्रण पूर्ण बंद करावं लागे, आता दोन्ही स्वतंत्र आहेत. म्हणून ‘जमलं नाही तर घसरेल’ हा मुद्दा या गाडीला निम्माच लागू होतो.

ओला_रस्ता

निम्मा तरी उरतोच. असिस्टंट इंजिनाचे आरपीएम जुळवतो, क्लच किती झटक्यात सोडायचा ते पायच ठरवतो.

घाटमाथा

तेही बरोबर. पाय हळू ठेवावा लागतो.

अ‍ॅपेक्स

‘ऑटोमॅटिक वेगवान’ हे सरसकट विधान थांबवू या. कुठला ऑटोमॅटिक? टोयोटा जीआर ८६ मध्ये मॅन्युअल शून्य ते शंभर ६.३ सेकंद आणि ऑटोमॅटिक ६.९, कारण इंजिन बिनटर्बोचं आहे आणि टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा) सहा गिअरचा डबा मवाळ. उलट पोर्शे ९११ जीटी३ (९९२ पिढी) मध्ये दोन क्लचचा ऑटोमॅटिक, पीडीके, ३.४ सेकंद, मॅन्युअल ३.९. फोक्सवॅगन गटाचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (तोही दोन क्लचचा ऑटोमॅटिक) रांगेत मॅन्युअलसारखाच तापतो, कारण हळू सरकताना आत क्लचच घसरत असतो, फक्त पाय आपला नसतो. एम टूचा झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा डबा टॉर्क कन्व्हर्टरचा आहे. सरकताना घसरण तेलात होते आणि ती उष्णता कूलरमधून बाहेर जाते. वेग धरला की इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा लॉक-अप क्लच बसतो, त्यामुळे जुन्या ऑटोमॅटिकसारखं रबर ताणल्यासारखं वाटत नाही. क्लचप्लेट यांच्या खंडाळ्याच्या रांगेला हेच उत्तर आहे.

आणि मागणीबद्दल. पोर्शेने २०१३ मध्ये जीटी३ फक्त पीडीकेत आणली. ग्राहक रुसले. २०१६ मध्ये फक्त मॅन्युअलमध्ये ९११ आर काढली, ९९१ गाड्या, आणि २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअल परत द्यावाच लागला. अर्ध्या सेकंदाने हळू असलेला गिअरबॉक्स लोक समजून उमजून मागतात. त्याला हौस म्हणून झटकून टाकणं चूक आहे.

क्लचप्लेट

झेडएफबद्दल एक भर, कारण इथे पैसे बुडतात. ‘तेल आयुष्यभराचं आहे’ हे ऐकू नका. झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा जास्तीत जास्त आठ वर्षं सांगते, आणि जोरात हाणल्या जाणाऱ्या गाडीला मी खालचाच आकडा धरेन. तेलाची पातळी मोजताना गाडी समपातळीत, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवलेले आणि तेल ३० ते ५० अंशांच्या दरम्यान हवं. भरायच्या तोंडातून बारीक धार यायला लागली की बूच लावायचं. गरम तेलावर मोजलं तर ते फुगलेलं असतं, थंड झाल्यावर कमी भरतं, मग गिअर लागताना धक्के सुरू होतात आणि लोक मेकॅट्रॉनिकला (गिअरबॉक्सच्या नियंत्रण भागाला) दोष देतात.

मॅन्युअलवाल्यांनी ब्रेक ऑइल विसरू नये. क्लचही त्याच डब्यातून तेल घेतो. दोन वर्षांनी डॉट ४ बदला. जुन्या तेलात ओल मुरते, ट्रॅकवर ते उकळतं आणि क्लचचं पेडल खालीच राहतं.

अ‍ॅपेक्स

ट्रॅकचा विषय निघालाच आहे तर मॅन्युअलची सगळ्यात महाग चूक सांगतो. तिसऱ्यात ७००० आरपीएमवरून चौथा मारायचा आणि घाईत दांडा डावीकडे ओढला जाऊन दुसऱ्यात पडतो. १.५४२ वरून २.३१५, म्हणजे क्लच सोडताच इंजिन साडेदहा हजारांकडे फेकलं जातं. रेव्ह लिमिटर फक्त इंधन तोडतो, चाकांकडून येणारा वेग त्याला अडवता येत नाही. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटू शकतात. दांडा मुठीत घट्ट धरून ओढू नका. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी, तिसऱ्या-चौथ्यासाठी उघड्या तळव्याने ढकला किंवा बोटांनी ओढा, मधली स्प्रिंग त्याला स्वतः सरळ रांगेत आणते.

सिंक्रो

ऑटोमॅटिकवाल्यांसाठीही एक सवय. सोसायटीच्या तळघराच्या उतारावर नुसतं ‘पी’ करून ब्रेक सोडला की गाडीचा सगळा भार आतल्या बारीक खिळीवर येतो, म्हणून काढताना ठक्क आवाज होतो. ब्रेक दाबून आधी ‘एन’, मग पार्किंग ब्रेक, ब्रेक सोडून गाडी बसू द्या, शेवटी ‘पी’.

ओला_रस्ता

घाटमाथा, अजून मॅन्युअलच?

घाटमाथा

हो. ज्याची गाडी रोज सायन-पनवेलवर उभी राहणार आहे त्याला मी मॅन्युअल घ्या म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे रोजच्यासाठी दुसरी गाडी आहे, त्याने ५० न्यूटन मीटर आणि ०.२ सेकंद सोडून द्यावेत.

टॉर्कप्रेमी

मी सोडणार नाही. एकच गाडी असेल तर ऑटोमॅटिक, आणि दोन असल्या तरी पावसाचे चार महिने विचारात घेऊन ऑटोमॅटिकच.